पाथरवटाचा पोर आणि सत्याचा शोध

सोयाबीनची रास खळ्यांत आहे, भाव पडलेला आहे, कपाशीवर बोंडअळी आहे आणि बँकेची नोटीस घरांत येऊन पडली आहे. अशा वेळीं ग्रीस देशांत अडीच हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या तत्त्ववेत्त्यांची गोष्ट वाशीम जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यानें कां वाचावी, असें कोणी आम्हांस विचारलें तर प्रश्न रास्त आहे असेंच आम्ही म्हणूं. पण त्या प्रश्नाच्या पोटांत एक जुना समज दडून बसला आहे, त्याची आज झाडाझडती घ्यावयाची आहे. तो समज असा कीं, खरें काय आणि खोटें काय याचा खल करणें हें रिकाम्या माणसाचें काम. ज्याचें पोट भरलेलें, ज्याचे हात मऊ, ज्याच्या घरीं पोथ्यांचा गठ्ठा, त्यानें तो करावा, आणि नांगर धरणाऱ्यानें, विणकरानें, लोहारानें, चांभारानें निकाल ऐकून मान हालवावी. हा समज आपल्या लोकांत आपोआप रुजलेला नाहीं. तो पेरला गेला, त्याला पाणी घातलें गेलें, आणि त्याचें पीक पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्याच कोठारांत गेलें.

तर आतां ऐका. सत्यशोधनाच्या इतिहासांत ज्याचें नांव जगभर पहिल्यानें घेतात तो अथेन्स शहरचा सॉक्रेटिस कोणाचा कोण होता? बाप सोफ्रोनिस्कस, धंदा पाथरवटाचा. आई फेनारिटी, धंदा सुइणीचा. इसवी सनापूर्वीं ४७० च्या सुमारास त्याचा जन्म झाला. नाक चपटें, डोळे बाहेर आलेले, अंगावर एकच जुनें पांघरूण आणि पाय बहुतेक अनवाणी. त्यानें पोथी लिहिली नाहीं, मठ काढला नाहीं, शिकविण्याबद्दल पैसा घेतला नाहीं. दिवसभर बाजारांत बसावें आणि भेटेल त्याला प्रश्न विचारावे, हा त्याचा उद्योग. बाजाराच्या कडेला सायमन नांवाच्या चांभाराचें दुकान होतें. तेथें सॉक्रेटिस जाऊन बसे आणि सायमन त्याचें बोलणें आठवेल तसें टिपून ठेवी, असें जुन्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. अथेन्सच्या त्या बाजाराच्या जागीं विसाव्या शतकांत उत्खनन झालें, तेव्हां चौकालगतच्या एका घरांत जोड्यांचे खिळे आणि सायमनचें नांव कोरलेला प्याल्याचा तुकडा सांपडला. ज्ञान फक्त देवळांत आणि वाड्यांत जन्म घेतें असें ज्यांनीं आम्हांस शिकविलें, त्यांनीं तो तुकडा एकदां पाहावा.

आईच्या धंद्याची त्याला लाज नव्हती. उलट, मी तोच धंदा करतों असें तो सांगे. सुईण कांहीं मूल आणून देत नाहीं. मूल बाईच्या पोटांतच असतें. सुईण धीर देते, वाट मोकळी करते, आणि जन्मलेला जीव धड आहे कीं नाहीं हें पाहते. तसेंच दुसऱ्याच्या मनांतला विचार बाहेर काढावयाचा आणि तो जिवंत आहे कीं नुसता वारा आहे हें तपासावयाचें. आमच्या खेड्यांत ज्या मायबहिणींच्या हातांवर गांवचीं गांवें जन्मलीं, त्यांना बारसें झाल्यावर त्याच घराच्या ओटीवर बसावयाची चोरी होती. आणि तिकडे त्याच धंद्यावरून तत्त्वज्ञानाच्या एका पद्धतीला नांव पडलें.

डेल्फीच्या देवळांत त्याच्या एका मित्रानें कौल लावला, आणि कौल मिळाला कीं सॉक्रेटिसाहून शहाणा कोणी नाहीं. आमच्याकडे एवढ्यावर एखाद्यानें गादी मांडली असती. सॉक्रेटिस कौलाचीच परीक्षा घेण्यास निघाला. राज्यकारभार करणाऱ्यांकडे गेला; त्यांना वाटे आपल्याला सर्व समजतें, आणि विचारावें तर हातीं कांहीं लागेना. कवींकडे गेला, त्यांना स्वतःच्या कवितेचा अर्थ सांगतां येईना. शेवटीं कारागिरांकडे गेला. तेथें मात्र त्याला खरें ज्ञान आढळलें आणि तें त्यानें पुढें भर कोर्टांत कबूल केलें: हे लोक आपला धंदा खरोखर जाणतात, मला न येणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्यांना येतात. पण तो आणखीहि बोलला, तेंहि आपण ऐकलें पाहिजे. एक काम उत्तम येतें म्हणून आपल्याला सगळेंच कळतें असें ते समजत, हा त्यांचा दोष. आमचा लोहार पोलादाचा तुकडा दगडावर आपटून आवाजावरून पारखतो; त्याच लोहाराच्या दंडाला जो ताईत बांधलेला आहे तो कोणत्या भट्टींतून निघाला, हें तो कधीं विचारीत नाहीं. पारख त्याच्या हातांत आहे, पण भात्याजवळून उठला कीं ती तेथेंच राहते.

त्याच्या प्रश्नांचा एक मासला देतों. युथिफ्रो नांवाचा एक गृहस्थ धर्म जाणणारा म्हणून मिरवीत असे. धर्म म्हणजे काय, असें विचारल्यावर तो म्हणाला, देवांना आवडतें तो धर्म. सॉक्रेटिसानें विचारलें: ती गोष्ट चांगली आहे म्हणून देवांना आवडते, कीं देवांना आवडते म्हणून चांगली? आपल्या बोलींत हाच प्रश्न असा होईल: शास्त्रांत आहे म्हणून एखादी गोष्ट चांगली, कीं चांगली असेल तरच तिला शास्त्र म्हणावयाचें? युथिफ्रोला उत्तर सुचेना. घाईचें काम निघालें म्हणून तो चालता झाला. हा एकच प्रश्न हातीं धरून आपल्या गांवांतल्या रूढी चाळून पाहा. विधवेचें कपाळ पुसणें, विटाळाच्या चार दिवसांत पोरीला बाहेरच्या खोलींत बसविणें, पाणवठ्यावर कोणी आधीं भरावें याचा मान. यांतलें काय चांगलें आहे म्हणून चाललें आहे, आणि काय चाललें आहे म्हणूनच चांगलें ठरलें आहे?

असें विचारणें अथेन्समध्यें सुद्धां बिनधोक नव्हतें. सॉक्रेटिसाच्या आधीं झेनोफनिस होऊन गेला. काळ्या लोकांचे देव काळे आणि घाऱ्या लोकांचे घारे, बैलांना चित्र काढतां आलें असतें तर त्यांनीं बैलासारखेच देव काढले असते, असें तो म्हणे. (आमच्याकडे पोळ्याला माणूसच बैलाच्या पायां पडतो, तेव्हां इकडच्या बैलांची तक्रार नसावी.) ॲनॅक्सागोरसानें सूर्य हा देव नसून तापलेला दगड आहे असें सांगितलें, तेव्हां त्याच्यावर फिर्याद झाली आणि त्याला शहर सोडावें लागलें. सॉक्रेटिसानें शहर सोडलें नाहीं. इसवी सनापूर्वीं ३९९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्याच्यावर खटला झाला. आरोप दोन: नगराचे देव तो मानीत नाहीं, आणि पोरें बिघडवितो. फिर्यादींपैकीं अनायटस हा कातड्याच्या धंद्यांतून वर येऊन पुढारी झालेला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यावर हात उचलणारा नेहमीं परकाच असतो असें नाहीं. पांचशेंच्या आसपास पंच बसले होते. तीस मतें इकडचीं तिकडे झालीं असतीं तर तो सुटला असता. शिक्षा काय असावी असें त्यालाच विचारलें, तेव्हां नगरानें मला सरकारी भोजनशाळेंत जन्मभर जेवूं घालावें, असें तो म्हणाला! मित्रांनीं तुरुंगांतून पळविण्याची तयारी केली होती. तो गेला नाहीं, विषाचा प्याला प्याला. हें कोर्ट कोणा राजाचें नव्हतें, लोकांचें होतें, मतांनीं चालणारें होतें. मतें मोजून सरपंच ठरतो, खरेंखोटें ठरत नाहीं. आमच्या तुकोबांनीं बहुमताकडे पाठ फिरवून आपल्या मनाला साक्षीला बोलाविलें, तें याचसाठीं.

येथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण सत्यशोधकानें सत्यशोधकाचीहि झडती घ्यावयाची असते.

सॉक्रेटिसाचा शिष्य प्लेटो यानें एक प्रसंग लिहिला आहे. सॉक्रेटिस एका सरदाराच्या गुलाम पोराला जमिनीवर चौरस काढून दाखवितो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस कसा काढशील? पोर म्हणतो, बाजू दुप्पट करीन. शेतकऱ्याला यांतली चूक ताबडतोब दिसेल: वावराच्या चारी बाजू दुप्पट केल्या तर वावर दुप्पट नव्हे, चौपट होतें. पोरहि प्रश्नांमागून प्रश्न येतां येतां आपली चूक पाहतो, आणि शेवटीं त्याला सांपडतें कीं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जी तिरपी रेघ जाते, तीच दुप्पट चौरसाची बाजू. कोणीं सांगितलें नाहीं, छडी मारली नाहीं, घोकून घेतलें नाहीं. प्रत्येक शिक्षकानें हा प्रसंग वाचावा. ज्याला कोणीं कधीं शाळेंत घातलें नव्हतें त्याच्या डोक्यांत गणित होतेंच, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. मग पुढें काय? पुढें सरदार आणि सॉक्रेटिस यांनीं आत्म्याच्या अमरपणावर चर्चा केली. गणित सुटलें, पोरगा सुटला नाहीं.

प्लेटो बड्या घरचा. त्यानें आदर्श राज्याचा नकाशा काढला आणि त्यांत लोकांचे तीन वर्ग पाडले: राज्य करणारे, लढणारे, आणि शेती व कारागिरी करणारे. ही उतरंड लोकांनीं निमूट सोसावी कशी? त्यावर त्यानें तोड काढली कीं त्यांना एक कथा सांगावी: देवानें माणसें घडवितांना राजांच्या अंगांत सोनें घातलें, शिपायांच्या अंगांत रुपें, आणि शेतकरी-कारागिरांच्या अंगांत लोखंड व तांबें. ही कथा खोटी आहे हें तो स्वतःच सांगतो. पहिल्या पिढीला पटणार नाहीं, पुढच्या पिढ्यांना पटेल, असाहि हिशेब मांडतो. वाचकहो, मुखांतून कोण झाले, बाहूंतून कोण, मांडींतून कोण आणि पायांतून कोण ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. फरक एवढाच कीं तिकडच्या लेखकानें आपलें खोटें खोटें म्हणून कागदावर ठेविलें. आणि न्यायाला धरून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, लोखंडी आईबापांच्या पोटीं सोन्याचें पोर निपजलें तर त्याला वर चढवावें असेंहि प्लेटो म्हणतो. इतकी सवलत आमच्याकडच्या वहिवाटींत नव्हती.

त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल. मोठा शोधक, कोंबडीच्या उबविलेल्या अंड्यांतून रोज एक फोडून पिल्लाचें काळीज कधीं हालूं लागतें तें त्यानें पाहिलें आणि लिहिलें. पण त्याच माणसानें असेंहि लिहिलें कीं कांहीं माणसें जन्मतःच गुलामगिरीसाठीं असतात, आणि उत्तम राज्यांत शेतकऱ्याला व कारागिराला नागरिकाचा हक्क नसावा, कारण सद्गुणाला फुरसत लागते. अंडें फोडून पाहिलें, गुलामाला विचारून पाहिलें नाहीं. त्याची फुरसत कोणाच्या घामांतून येत होती, हा प्रश्न त्याच्या घरांतच भांडीं घाशीत उभा होता.

आतां पुण्यास येऊं. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं १८५२ सालीं सॉक्रेटिसाचें चरित्र मराठींत छापून आणलें. त्यांचें हें ऋण आम्ही मानतों. त्याच पुण्यांत, त्याच्या चारच वर्षें आधीं, १८४८ सालीं, माळ्याच्या घरच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणानें मुलींची शाळा घातली होती आणि त्याच्या बायकोनें ती चालविली होती. शहरांत पुस्तकांतला सॉक्रेटिस आला, आणि जोतीरावाच्या बायकोला रस्त्यावर शेणाचे गोळे. पुढें शास्त्रीबोवांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं १८७४ सालीं निबंधमाला सुरू केली. तींत जोतीरावांच्या पुस्तकांची आणि सत्यशोधक समाजाची त्यांनीं खिल्ली उडविली, भाषा अशुद्ध, व्याकरण नाहीं, म्हणून. बापानें ज्याचें चरित्र लिहिलें तो सॉक्रेटिस कोर्टांत उभा राहतांच आधीं काय म्हणाला होता? कीं मला वकिली भाषा येत नाहीं, मी बाजारांत बोलतों तसाच बोलणार, भाषेकडे पाहूं नका, मी म्हणतों तें खरें कीं खोटें एवढें पाहा. चिरंजीवांनीं घरांतलें पुस्तक उघडून पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

जोतीरावांना ग्रीकांची ओळख नव्हती असें मात्र नाहीं. १८७३ सालीं निघालेल्या ‘गुलामगिरी’च्या आरंभींच त्यांनीं होमर या ग्रीक महाकवीचें वचन घातलें आहे, गुलाम होतांच माणसाचें अर्धें शील जातें, असा त्याचा भाव. पुस्तक अर्पण केलें तें अमेरिकेंत हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस. त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. नांव पाहा. सत्य सांपडलेल्यांचा समाज असें नांव ठेविलें नाहीं, शोधणाऱ्यांचा ठेविलें. आणि हा शोध बाजारांतल्या बोलण्यावर थांबला नाहीं. ग्रीकांचें जें राहून गेलें तें येथें झालें: १८५५ सालीं दिवसभर राबणाऱ्यांसाठीं रात्रीची शाळा, १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला, १८८२ सालीं हंटर साहेबांच्या कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचें शिक्षण द्या अशी लेखी मागणी. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं भटजीवांचून घरचें लग्न लावलें. गांवच्या जोशांनीं दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला आणि कज्जा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. लग्न कोणाचें, मंत्र कोणाचे, पैसा कोणाचा, आणि न केलेल्या कामाची मजुरी कशाची? हे सॉक्रेटिसाचेच प्रश्न, फक्त कोर्टफी भरून विचारलेले.

आणि आमच्या शेजारच्या बुलढाण्याची तारा? सत्यशोधक समाजाचे सभासद बापूजी हरि शिंदे यांची ही मुलगी. १८८२ सालीं तिनें ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि पुरुषांनाच सवाल घातला कीं जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवितां ते तुमच्या अंगीं किती आहेत तें मोजा बरें. बाप सत्यशोधक, तरी आपल्याच समाजांतल्या पुरुषांची तिनें गय केली नाहीं. लोक तिच्यावर तुटून पडले. जोतीराव १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें तिच्या बाजूनें उभे राहिले. वऱ्हाडच्या मातींत, घरांत बसून, कोणत्याहि विद्यापीठाची पायरी न चढतां एका बाईनें जो तराजू धरला तो प्लेटोच्या सर्व शिष्यमंडळींत कोणीं धरला नव्हता. आज आमच्या ग्रामसभेंत बायका किती येतात, आणि आल्या तर बोलतात किती, हें वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहावें.

एक गोष्ट स्पष्ट बोलतों. कांहीं मित्र रागावतील. जोतीराव १८८८ सालीं पक्षाघातानें उजवा हात गेल्यावर डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहीत राहिले. तें त्यांच्या मागें १८९१ सालीं छापलें गेलें. तें पुस्तक घरोघर असावें. पण त्याची पोथी करून, लाल फडक्यांत बांधून, हळदकुंकू वाहूं नये. मत्स्य-कूर्मादि अवतारांच्या कथांतून त्यांनीं आर्यांच्या स्वाऱ्यांचा जो इतिहास काढला तो आजचे इतिहासकार त्याच रूपांत मानीत नाहींत. असें म्हटल्यानें जोतीराव लहान होत नाहींत. ज्यानें तपासावयास शिकविलें त्याचें तपासलें तर त्याचा मान राहतो; नुसता हार घातला तर फुलें सुकतात आणि मिरवणुकीच्या भोंग्यावरून दोन तरुण मंडळांत डोकीं फुटतात.

आमच्या जिल्ह्याला सत्यशोधनासाठीं अथेन्सकडे किंवा पुण्याकडेच पाहावें लागतें असेंहि नाहीं. मानोरा तालुक्यांत पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे. अठराव्या शतकांतले हे बंजारा समाजाचे सत्पुरुष. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून देशभर फिरणाऱ्या तांड्यांचे नायक. त्यांची शिकवण तोंडोतोंडीं चालत आली आहे. तिचा मथितार्थ असा कीं कोणतीहि गोष्ट आधीं जाणून घ्यावी, मग चाळून पाहावी, आणि त्यानंतरच मानावी. पीठ चाळणारी बाई हें जाणते: चाळणीच्या वर राहिलेला कोंडा कोणी भाकरींत घालीत नाहीं. २०२४ सालीं पोहरादेवीस बंजारा संस्कृतीचें मोठें संग्रहालय उघडलें, चांगलें झालें. पण उसाच्या तोडीला निघालेल्या गाडींत आईबापांबरोबर बसून जें पोर दिवाळीनंतर शाळेंतून नाहींसें होतें, त्याच्या हातीं चाळणी कोणीं द्यावयाची?

आणि वाशीम गांव स्वतः? हें जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या कित्येक लेण्यांना ज्याच्या काळीं बहर आला तो हरिषेण याच शाखेचा. १९३९ सालीं येथें विंध्यशक्ति (दुसरा) याचे ताम्रपट सांपडले. नांदेडकडचें एक गांव ब्राह्मणांना दान दिल्याचा तो लेख आहे. गंमत अशी कीं राजाच्या पूर्वजांची थोरवी संस्कृतांत आहे आणि प्रत्यक्ष हुकूम प्राकृतांत, म्हणजे लोकांच्या बोलींत. शेत कोण कसीत होता त्याचें नांव अर्थातच नाहीं. पण वाकाटकांचे दानलेख चाळणींतून घालून वाचले तर तोहि सांपडतो. अचलपुराजवळच्या चम्मक येथील ताम्रपटांत प्रवरसेन (दुसरा) यानें एक हजार ब्राह्मणांना गांव दिलें आणि त्या गांवाला काय काय माफ तें सांगितलें: फुलें व दूध पुरविणें माफ, अधिकाऱ्यांच्या बैठकीसाठीं कातडीं व शेगडीसाठीं कोळसा देणें माफ, गवत-चारा माफ. ज्या गांवाला माफी मिळाली त्याची ही यादी. मग ज्या शेंकडों गांवांना मिळाली नाहीं त्यांना हें सर्व द्यावें लागत होतें! राजानें आपली उदारता लिहिली, आणि नकळत गवळ्याची, माळ्याची, चांभाराची, कोळसे करणाऱ्याची वेठ लिहून गेला. लेख खोटा नाहीं. त्याला प्रश्न कोण विचारतो यावर सर्व आहे.

ग्रीक माणूस आपल्याला अगदींच परका नव्हे, हेंहि जातां जातां सांगतों. कार्ल्याच्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणविणाऱ्या दात्यांचे लेख खांबांवर आहेत. आणि मिनँडर नांवाचा ग्रीक राजा, ज्याला पालि ग्रंथांत मिलिंद म्हणतात, त्याचा नागसेन या बौद्ध भिक्षूशीं झालेला संवाद प्रसिद्धच आहे. राजानें वादाला बोलाविलें तेव्हां भिक्षूनें अट घातली: पंडितांसारखें बोलणार असाल तर बोलतों, राजांसारखें बोलणार असाल तर नाहीं. पंडितांच्या बोलण्यांत एक गांठ घालतो, दुसरा सोडवितो, चूक दाखविली तरी कोणी रागावत नाहीं. राजांच्या बोलण्यांत जो नाहीं म्हणेल त्याला दंड होतो. राजानें अट मान्य केली. आमच्या चावडीवर, सोसायटीच्या बैठकींत, आणि घरांत सासरा-सुनेच्या बोलण्यांत ही अट कोण मान्य करतो?

आतां आजच्या बाजारांत या. सोयाबीनच्या सरकारी खरेदीला ओलावा बारा टक्के ही अट. २०२४ च्या हंगामांत ती पंधरापर्यंत सैल केली होती, आणि हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. व्यापारी पोत्यांत हात घालतो, यंत्रांत मूठभर दाणे टाकतो आणि आंकडा सांगतो. शेतकरी ऐकून घेतो. हें यंत्र शेवटचें कधीं तपासलें? दुसऱ्या यंत्रावर तेच दाणे टाकले तर हाच आंकडा येईल काय? काट्यावर वैधमापन खात्याचा यंदाचा शिक्का आहे काय? कपात ‘रिवाज’ म्हणून करतां, तो रिवाज कोठें लिहिला आहे, आणि पावतीवर कां लिहीत नाहीं? चौघे शेतकरी मिळून हे चार प्रश्न शांतपणें विचारतील तर कोणी विषाचा प्याला देणार नाहीं. फार तर युथिफ्रोसारखें व्यापाऱ्याला घाईचें काम निघेल.

सापाची गोष्ट याहून जिवावरची आहे. अमक्या मांत्रिकानें दहा जणांचें विष उतरविलें, असें लोक शपथेवर सांगतात आणि तें खोटें बोलत नसतात. पण ते दहा साप कोणते होते, हें कोणी विचारीत नाहीं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे मुख्य चार विषारी, आणि तेहि प्रत्येक वेळीं पुरें विष सोडतात असें नाहीं. म्हणून दहांतले कित्येक कोणीं कांहीं न करतांहि वांचले असते, आणि श्रेय मंत्राला मिळालें. अकराव्याला मण्यार चावते. ती रात्रीं अंथरुणांत येते, सूज फारशी येत नाहीं, दुखतहि नाहीं, म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि पहांटे श्वास अडकतो. सरकारी दवाखान्यांत प्रतिविषाची लस मिळते. ती वेळेवर पोचली तरच काम करते. दवाखान्यांत जाण्यापासून अडवून साप-विंचू-कुत्र्याच्या दंशावर मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा कायदा व्हावा म्हणून ज्यांनीं वर्षानुवर्षें जोडे झिजविले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत सकाळीं फिरतांना गोळ्या घातल्या, आणि चारच दिवसांनीं त्याचा वटहुकूम निघाला. १० मे २०२४ रोजीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलें. अथेन्सनें निदान आरोप वाचून दाखविला होता आणि उत्तर ऐकून घेतलें होतें.

भटजीला दारांतून काढला म्हणून छाती फुगविणारे आमचेच कित्येक बंधू आज मोबाईलवर बाबांचीं प्रवचनें ऐकतात, आणि हे बाबा आतां सर्व जातींत निपजूं लागले आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली गोष्ट ‘आली आहे’ एवढ्यावरच खरी ठरते. छापलेल्या पोथीला निदान छापखान्याचें नांव असे.

ग्रीकांत पहिला शोधक म्हणून थेलीसचें नांव घेतात. ऑलिव्हचें पीक यंदा उदंड येणार हें हेरून त्यानें हिंवाळ्यांतच गांवोगांवचे घाणे स्वस्तांत भाड्यानें धरून ठेविले आणि हंगामांत वाटेल त्या दरानें दिले, अशी त्याची गोष्ट ॲरिस्टॉटलनें दिली आहे. आमच्या तेली बांधवांना ती विशेष आवडेल. त्याच थेलीसनें इसवी सनापूर्वीं ५८५ मधलें सूर्यग्रहण आधीं सांगितलें होतें असें म्हणतात. त्याला तें कसें साधलें यावर पंडितांत वाद आहे. पण भर लढाईंत दिवस काळवंडला तेव्हां दोन्ही सैन्यांनीं घाबरून तह केला, असें हेरोडोटस सांगतो. ग्रहण सांगणें आज कोणत्याहि पंचांगाला आणि शाळेच्या भूगोलाला साधतें. तरी आमच्या घरांतून ग्रहणांत पोटुशी बाई विळीला हात लावीत नाहीं, पाणी पीत नाहीं, तासन् तास एका जागीं बसून राहते. भर उन्हाळ्यांत सुद्धां. ज्या बाईला रक्त कमी आहे म्हणून दवाखान्यांतून गोळ्या दिल्या, तिलाच आपण उपाशी ठेवितों.

२ ऑगस्ट २०२७ रोजीं सूर्यग्रहण आहे. स्पेनपासून मिसर-अरबस्थानापर्यंत खग्रास, आणि भारताच्या बऱ्याच भागांतून दुपार कलल्यावर खंडग्रास दिसावयाचें आहे. पावसाळ्याचे ढग आड आले तर गोष्ट निराळी. तो सोमवार आहे, शाळा भरलेली असेल. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये, हें एक पथ्य मात्र खरें आहे आणि त्याला कारणहि आहे. पुठ्ठ्याला टांचणीनें भोंक पाडावें, तो सूर्याकडे पाठ करून धरावा, आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर पडलेली सूर्याची लहानशी कोर मुलांना बघूं द्यावी. निंबाखालीं उभें राहिलें तर पानांच्या फटींतून तशाच शेंकडों कोरा जमिनीवर पडलेल्या दिसतील. मुलांच्या आयांना त्या दिवशीं शाळेंत बोलवावें, पोटुशा असतील त्यांना आधीं, आणि येतांना घरून भाकरी घेऊन या म्हणून सांगावें.